गॅदरिंगच्या मांडवापलीकडे: विद्यार्थी विकासाच्या कामात करिअर

प्रश्न: मी नाशिकमधल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षांपासून तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. एम.ए. झालंय, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) अजून निघालेली नाही. वर्गापेक्षा वर्गाबाहेरच्या कामात माझा जीव जास्त रमतो. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिराला मदत करते, कमवा व शिका योजनेची हजेरी बघते, मुली अडचणी घेऊन माझ्याकडेच येतात. आता एका खासगी व्यावसायिक शिक्षणसंस्थेकडून ‘स्टुडंट अफेअर्स एक्झिक्युटिव्ह’ म्हणून विचारणा झाली आहे. स्टाफरूममध्ये म्हणतात, ‘गॅदरिंगचा मांडव घालायचं काम, त्यात पुढे काय?’ घरचे म्हणतात, तासिका सोडू नकोस. यात खरंच करिअर होतं का? होत असेल तर सुरुवात कुठून करू आणि पुढे कशी जाऊ?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: करिअर होतं. पण आपल्याकडे त्याची सरळ शिडी नाही, आणि हे आधी समजून घेतलंत तर पुढची पाच वर्षं वाया जाणार नाहीत.

नाशिकमधली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे विद्यार्थी विकास अधिकारी आणि एनएसएस कार्यक्रम अधिकारी ही स्वतंत्र भरतीची पदं नसतात. पूर्णवेळ प्राध्यापकाकडे दिलेला तो अतिरिक्त कार्यभार असतो. एनएसएसमध्ये तो साधारण तीन वर्षांसाठी असतो, फार तर एक वर्ष वाढतो. म्हणजे या रस्त्याने जायचं तर आधी पूर्णवेळ सहायक प्राध्यापक व्हावं लागतं आणि त्याला नेट (सेटसारखीच राष्ट्रीय परीक्षा), सेट किंवा नियमांप्रमाणे मिळवलेली पीएच.डी. लागतेच. सेट ‘कधीतरी काढू’ म्हणून बाजूला ठेवू नका. पीएच.डी. होईपर्यंत अनुभव कितीही जमला तरी हे एक प्रमाणपत्र नसल्यामुळे दार बंद राहतं. पूर्णवेळ झाल्यावर मात्र हे काम फुकट जात नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८च्या नियमावलीत पदोन्नतीच्या मूल्यमापनात एनएसएस, करिअर मार्गदर्शन, वसतिगृहाची जबाबदारी, सांस्कृतिक उपक्रम हे सगळं धरलं जातं. असे किमान तीन उपक्रम असतील तर त्या भागात ‘चांगला’ शेरा मिळतो. एक-दोनच असतील तर ‘समाधानकारक’.

दुसरा रस्ता तुमच्यासमोर आलेला आहे. खासगी विद्यापीठं आणि अभियांत्रिकी, व्यवस्थापन, फार्मसीच्या संस्थांत विद्यार्थ्यांचं काम बघणारा वेगळा पगारी कर्मचारीवर्ग असतो: एक्झिक्युटिव्ह, समन्वयक, व्यवस्थापक, आणि वर डीन. इथे सेटवाचून प्रवेश मिळतो. फक्त डीनची खुर्ची बहुतेक ठिकाणी पीएच.डी. असलेल्या प्राध्यापकालाच मिळते, हे आजच लक्षात असू द्या.

तिसरा रस्ता सरकारी वसतिगृहांचा, आणि नाशिकमध्ये बसून त्याकडे पाहिलं नाही तर नवल. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. आदिवासी विकास आणि समाजकल्याण या दोन्ही विभागांच्या भरतीत गृहपालाची, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची पदं निघतात. त्यांची शैक्षणिक अट प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. बऱ्याचदा समाजकार्याची पदवी मागितलेली असते आणि मानसशास्त्राचं एम.ए. तिथे चालेलच असं धरून चालू नका. याशिवाय यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही राज्य विद्यापीठं नाशिकमध्ये आहेत. कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव अशा प्रशासकीय पदांच्या त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सहायक कुलसचिवासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात.

समुपदेशक हा तुमच्या पदवीला सगळ्यात जवळचा रस्ता. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. त्यामुळे मागणी वाढेल. पण नुसत्या एम.ए.वर स्वतःला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेऊ नका. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. पर्यवेक्षणाखाली समुपदेशनाचा सराव देणारा अभ्यासक्रम निवडा. फक्त ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा या कामात उपयोग नाही.

आता विचारणा आलेल्या नोकरीबद्दल. पगार विचाराल तेव्हाच काही गोष्टी ई-मेलवर लिहून मागा. वरिष्ठ कोण असेल, डीन की प्रवेश विभागाचा प्रमुख? मे ते ऑगस्ट काम काय असेल? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अनेक खासगी संस्थांत नाव विद्यार्थी विभागाचं असतं आणि चार महिने ॲडमिशनचं टार्गेट घेऊन गावोगाव फिरावं लागतं. त्या अनुभवाला पुढे विद्यार्थी विकासाचा अनुभव म्हणून कुणी मोजत नाही. रात्रीची वसतिगृहाची जबाबदारी आहे का, असेल तर बदली सुट्टी मिळते का, तक्रार निवारण समितीचं सचिवपद किंवा त्या कामात सहभाग मिळेल का, हेही विचारा. मूळ गुणपत्रकं कुठल्याही संस्थेत जमा करू नका. दाखवून साक्षांकित प्रती द्या. नोटीस कालावधी आणि बाँड असेल तर त्याची रक्कम सहीआधी वाचा. उत्तरं बरी आली तर ती नोकरी घ्या, असंच माझं मत आहे. तासिकेवर शिकवलेल्या तासांपुरतंच मानधन मिळतं, सुट्टीत तेही नाही, आणि तुम्ही एनएसएससाठी घातलेले दिवस कुठल्याच कागदावर नाहीत.

तो कागद मात्र सोडण्यापूर्वी मिळवा. ‘मदत करते’ याला मुलाखतीत किंमत शून्य. प्राचार्यांच्या सहीचा, जावक क्रमांक असलेला आदेश हवा: अमुक वर्षी विद्यार्थी विकास समितीची सदस्य, शिबिरात सहायक. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकालाही समितीचं सदस्य करता येतं, मागायला संकोच नको.

स्टाफरूममधल्या त्या टोमण्यालाही उत्तर द्यायला हवं. मांडव कुणीही घालू शकतं, हे खरंच आहे. कार्यक्रमामुळे तुम्ही सगळ्यांना माहीत होता, एवढंच. या क्षेत्रात टिकतो तो विद्यार्थ्याचं अडलेलं काम शेवटपर्यंत नेणारा माणूस, आणि ते काम शिष्यवृत्तीच्या टेबलावर आणि तक्रारीच्या फाइलमध्ये असतं. तिथे हात घाला.

शिष्यवृत्तीचंच बघा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज विद्यार्थ्याने भरला की आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, आणि तिथून योजनेप्रमाणे समाजकल्याण, आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय किंवा उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे जातो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर त्रुटी काढून अर्ज परत पाठवला जाऊ शकतो. खरी पडझड इथेच होते. एसएमएस जुन्या सिमकार्डवर जातो, विद्यार्थ्याला वाटतं अर्ज पुढे गेलाय, आणि मुदत संपते. दुसरं दुखणं बँक खात्याचं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि आधार अनेकदा शाळेत असताना उघडलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं असतं. अर्जात दुसरा खाते क्रमांक लिहून ते दुरुस्त होत नाही, बँकेत जाऊनच जोडणी बदलावी लागते. तिसरं, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा असणं किंवा आधार आणि गुणपत्रकावरचं नाव न जुळणं. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रमाणपत्रही राहून जातं.

यावर उपाय साधा आहे आणि चिकाटीचा आहे. प्रवेश सुरू असतानाच एक एक्सेल शीट करा: विद्यार्थ्याचं नाव, योजना, अर्ज क्रमांक, चालू मोबाइल, घरातल्या एकाचा मोबाइल, आधार कोणत्या बँकेला जोडलंय, अर्ज आज कुणाच्या लॉगिनला आहे. दर सोमवारी लिपिकाशेजारी बसून शेवटचा रकाना बदला. परत आलेल्या अर्जांच्या विद्यार्थ्यांना ग्रुपवर मेसेज टाकू नका, फोन करा. ग्रुपवरचा मेसेज ज्याला हवा असतो नेमका तोच वाचत नाही. योजनांच्या मर्यादा तोंडपाठ ठेवा. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांपर्यंत. व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या मर्यादेत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी २०२४पासून आहे, आणि तरीही प्रवेशावेळी काउंटरवर फी भरून मोकळ्या झालेल्या मुली भेटतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार. आपल्या जिल्ह्यात नाशिक आणि कळवण अशी दोन आदिवासी प्रकल्प कार्यालयं आहेत. कोणत्या तालुक्याचं काम कुठे चालतं आणि तिथे कोणत्या टेबलाशी बोलायचं, हे माहीत असलेला माणूस कोणत्याही संस्थेला हवाच असतो.

गळतीचंही तसंच. सुरगाणा, पेठकडून आलेली मुलगी जानेवारीत वर्गात दिसेनाशी होते. हजेरीचा हिशेब सत्राच्या शेवटी लावला तर फक्त परीक्षेला बसू न देण्याची यादी तयार होते. दर पंधरवड्याला विभागांकडून सलग सहा दिवस गैरहजर असलेल्यांची नावं मागवा. फोनवर पहिला प्रश्न ‘का येत नाहीस?’ हा नको. ‘सध्या कुठे आहेस, घरी सगळं ठीक ना?’ असं विचारलं तर कारण कळतं. दिंडोरी-निफाडला द्राक्षांचा तोडा सुरू झालाय आणि घरचे सगळे मजुरीला गेलेत, एसटीचा पास संपलाय, खोलीचं भाडं थकलंय, किंवा लग्न ठरलंय. कारण वेगळं, तसा उपायही वेगळा. मजुरीचा प्रश्न असेल तर कमवा व शिका योजनेत जागा आणि त्या महिन्याचं मानधन त्याच महिन्यात हातात पडणं महत्त्वाचं. तुम्ही हजेरी बघता, म्हणून सांगते: मानधन रखडतं ते बहुतेकदा हजेरीपत्रकावर विभागप्रमुखाची सही वेळेत न झाल्यामुळे. पत्रक २५ तारखेलाच फिरवायला लागा. मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि लग्नाची बोलणी चालू असतील तर तो बालविवाहाचा मामला आहे. १०९८ या चाइल्डलाइनला कळवायला हवं, घरच्यांची समजूत घालत आठवडे घालवू नयेत.

तक्रारींच्या बाबतीत तुमच्यासारख्या मनमिळाऊ माणसाकडून एक घोटाळा हमखास होतो. मुलगी विश्वासाने सांगते आणि आपण म्हणतो, ‘काळजी करू नको, कुणाला सांगणार नाही.’ हे वचन कधीही देऊ नका. ‘ज्यांना कायद्याने सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन,’ एवढंच म्हणा. अकरावी-बारावी त्याच आवारात असेल तर तिथले विद्यार्थी १८च्या आतले असतात आणि प्रथम वर्षातही १७ वर्षांची मुलं असतात. त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. तो माहिती असलेल्या प्रत्येकाला, म्हणजे तुम्हालाही लागू होतो.

तक्रार कोणत्या समितीकडे जाते हे पहिल्या दिवशी नीट ठरलं नाही तर पुढे सगळं अडकतं. गुणपत्रक अडवणं, फी परत न मिळणं, भेदभाव अशा बाबी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर विद्यार्थी १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे जाऊ शकतो. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे. ती घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची, अहवाल त्यानंतर १० दिवसांत. रॅगिंगचा मामला सगळ्यात घाईचा. महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्याप्रमाणे तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दुर्लक्ष केलं तर तो अपप्रेरणेचा, म्हणजे रॅगिंगला साथ दिल्याचा दोष ठरतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

आणि ‘आपापसात मिटवून टाकू’ म्हणून दोघांना समोरासमोर बसवण्याच्या भानगडीत पडू नका. लैंगिक छळाच्या तक्रारीत त्याने तक्रारदार गप्प बसते आणि चौकशीही कायमची खराब होते. तुमचं काम तीन गोष्टींचं: तिच्याच शब्दांत लेखी तक्रार घेणं, तारीख-वेळ घालून पोच देणं, आणि ती त्याच दिवशी योग्य समितीच्या अध्यक्षांकडे बंद पाकिटात पोहोचवणं. तिला पुन्हा पुन्हा तोच प्रसंग सांगायला लावू नका. नोंदवहीत फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा. ‘मुलगी खोटं बोलत असावी’ किंवा ‘मुलगा चांगल्या घरचा’ असे शेरे तिथे नकोत.

जीव देण्याची भाषा ऐकू आली तर त्या क्षणी विद्यार्थ्याला एकटं सोडायचं नाही, थेट विचारायचं, घरच्या ज्या माणसावर त्याचा भरवसा आहे त्याला फोन लावायचा आणि सोबत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तुमच्याबाबत एक जास्तीची काळजी: ज्या विद्यार्थ्याचे पेपर तुम्ही तपासता, त्याचं नियमित समुपदेशन तुम्ही करू नका. ऐका, आधार द्या आणि दुसऱ्याकडे पाठवा. गुण देणाऱ्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही, आणि बोललं तर नंतर पस्तावतं.

एनएसएसबद्दल थोडक्यात. एका युनिटला १०० स्वयंसेवक, वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर हे आकडे तुम्हाला माहीत असतीलच. शिबिर करणारे पुष्कळ असतात. शिबिरानंतर खर्चाच्या पावत्या, हजेरी, पालकांची संमतिपत्रं, गावाचं पत्र आणि विनियोग प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला) वेळेत देणारे कमी, आणि अनुदान अडतं ते तिथेच. २०२७च्या सिंहस्थात स्वयंसेवक पुरवण्याची वेळ आली तर विद्यार्थ्यांचं काम, तास, जेवण, विमा आणि परतीची सोय लेखी ठरल्याशिवाय एकालाही गर्दीत उभं करू नका.

वर चढायचं असेल तर नॅकची, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनाची फाइल हातात घ्या. सात निकषांच्या रचनेतला पाचवा निकष ‘विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती’ हाच आहे: शिष्यवृत्ती, मार्गदर्शन, नोकरी आणि पुढच्या शिक्षणाला गेलेले विद्यार्थी, क्रीडा-सांस्कृतिक, माजी विद्यार्थी. वार्षिक अहवालाची वेळ आली की सगळे विभाग धावाधाव करतात, कारण मागच्या वर्षी कोण कुठे गेलं याची नोंदच नसते. निकालाच्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थ्याकडून पुढच्या पत्त्याचा फॉर्म भरून घेणारा आणि नेमणूकपत्राची किंवा प्रवेशाच्या पावतीची प्रत जपणारा माणूस दोन वर्षांत प्राचार्यांच्या बैठकीत बसायला लागतो.

मुलाखतीला जाताना कार्यक्रमांच्या फोटोंचा अल्बम नेऊ नका. एका पानावर तीन प्रकरणं लिहून न्या, नावं काढून: अडचण काय होती, कोणत्या नियमाचा आधार घेतला, किती दिवस लागले, शेवट काय झाला. आणि एक आकडा, तुमच्या शीटमधून काढलेला: किती अर्ज परत आले होते आणि त्यातले किती मुदतीत दुरुस्त झाले.

नव्या नोकरीत गेलात तरी सेटचा फॉर्म भरत राहा. दोन वर्षं तिथे तक्रार आणि शिष्यवृत्तीचं काम केलंत की पीएच.डी.ला नोंदणी करा. विषय याच कामातून निवडा, म्हणजे नोकरी आणि अभ्यास एकमेकांच्या आड येणार नाहीत. सध्याचं महाविद्यालय सोडताना शिबिर तोंडावर असेल तर तेवढं पार पाडा, कमवा व शिकाची हजेरी पुढच्या माणसाला सही घेऊन सोपवा, आणि अनुभवपत्रात ‘तासिका तत्त्वावर अध्यापन’ याच्याखाली समितीच्या कामाची एक स्वतंत्र ओळ, आदेशाच्या जावक क्रमांकासह, लिहून घ्या.